चव व पोत : गुण तीस

बारावा चिरोटा यमुनाताई खांबेट्यांच्या तोंडात गेला तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. त्यांनी तो दाढेखाली घेतला, डोळे मिटले, आणि प्रयोगशाळेतल्या त्या उकाड्यात मला एका पदार्थाचा साग्रसंगीत अंत ऐकावा लागला. आधी पापुद्रे मोडल्याचा आवाज, मग पिठीसाखरेची करकर, मग तूप आणि लाळ एकत्र कालवल्याचा तो मऊ, ओला, चिकट आवाज. हनुवटीवर तुपाचा ओघळ आला. तो त्यांनी करंगळीने टिपला आणि करंगळी चोखली.

“लिहा वझेबाई,” त्या म्हणाल्या. “क्रमांक बारा. रंग बदामी, चव इनामी. पंचवीस.”

मी लिहिले. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी महिला महाविद्यालयात मी आहारशास्त्र शिकवीत होते, आणि गृहविज्ञान पदविकेची ती अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा होती. यमुनाताई बाह्य परीक्षक, मी अंतर्गत. मुलींनी चिरोटे करायचे, प्रत्येकीने सहा नग थाळीत मांडायचे, एक मी खायचा, एक यमुनाताईंनी खायचा, आणि ‘चव व पोत’ या मथळ्याखाली दोघींनी स्वतंत्रपणे तीसपैकी गुण द्यायचे. माझे गुण दोन वाजताच देऊन झाले होते.

यमुनाताईंचे यमकांत बांधलेले पाकशास्त्र एका स्त्री-मासिकात दरमहा छापून येत असे. त्यामुळे त्या गद्यात फारशा बोलत नसत. सकाळी मुलींना सूचना द्यायला उभ्या राहिल्या त्याही, “आधी साटा फेटा, मग पोळ्या लाटा, आच ठेवा मंद, तरच सुटेल पदराचा बंध,” अशा. मुली हसल्या. मी हसले नाही. यमकाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. दुसरी ओळ काय असणार हे पहिलीच ठरवते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की काहीतरी सिद्ध झाले. क्रमांक चारला त्यांनी ‘जिभेवर ठेवा, वाटतो हेवा’ म्हणून तेवीस दिले होते, क्रमांक नऊला ‘तूप कडकडीत, चिरोटा फडफडीत’ म्हणून चोवीस. मी एक आवंढा गिळला की त्या एक चिरोटा गिळत होत्या.

तेवढ्यात दाराबाहेर मुलींचा गलका वाढला. मी उठून गेले, त्यांना दटावले, आणि परत आले तेव्हा यमुनाताई रुमालाने ओठ टिपत होत्या. तेराव्या थाळीवरचे जाळीचे झाकण जागच्या जागी होते.

“क्रमांक तेरा,” त्या म्हणाल्या. “चिवट, मेणचट, चवीला कळकट. नऊ.”

माझी लेखणी थांबली.

“नऊ?”

“नवावर काही नाही. लिहा.”

तेरावी थाळी चंद्रभागा निकाळजेची होती. वाचकाला तिची ओळख करून द्यायची तर माझी स्वतःची करून द्यावी लागेल, कारण त्या काळी मी तिच्याकडे माझी कामगिरी म्हणूनच पाहत होते. गावाबाहेरच्या वस्तीतून या अभ्यासक्रमाला आलेली ती पहिली मुलगी. प्रवेश समितीत कुणी तिच्या जातीचे नाव घेतले नाही. “स्वयंपाकाचा अभ्यासक्रम आहे, इतर पालकांचाही विचार करावा लागतो,” एवढेच म्हटले. त्यावर मी चाळीस मिनिटे बोलले. मनुस्मृतीपासून घटनेपर्यंत जे जे वाचले होते ते सारे त्या टेबलावर मांडले. समिती दमली आणि तिने प्रवेश दिला. त्या दिवशी घरी जाताना माझी पावले जमिनीला लागत नव्हती, हे मला आजही आठवते आणि आजही त्याची लाज वाटते.

वर्गात तेरा मुली झाल्या. प्रात्यक्षिकाला चौघींचा एक गट. चौघींचे तीन गट केले की एक उरते. ती एक कोण, हे मी ठरवले नाही. मुली आपापसांत बसल्या आणि चंद्रभागा खिडकीपाशीच्या शेगडीवर एकटी उरली. तेरा भागिले चार, बाकी एक. दोन वर्षे मी या बाकीला अंकगणित समजत होते.

तिला मुलींच्या सरकारी वसतिगृहात पाकशिक्षिकेची जागा मिळाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचे, अट एकच, पदविका. आणि पदविकेची अट अशी की ‘चव व पोत’मध्ये स्वतंत्रपणे बारा गुण हवेत. दोन परीक्षकांच्या गुणांत दहाहून अधिक फरक पडला तर दोघींनी पदार्थ पुन्हा एकत्र चाखून एकमताने गुण द्यायचे. एकमत झाले नाही तर बाह्य परीक्षकाचा आकडा अंतिम. मी तिला सत्तावीस दिले होते. यमुनाताईंनी नऊ. म्हणजे नवावरच गाडी थांबली तर जूनमध्ये वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दुसरी कुणीतरी उभी राहणार होती.

“यमुनाताई,” मी म्हणाले, “माझे सत्तावीस आहेत.”

“अगंबाई. बरेच की.”

“अठराचा फरक पडतो.”

“पडतो खरा. चहा घ्या आधी, गार होतोय.”

“चिवट कशावरून म्हणता? हे पाहा, पदर कसे सुटलेत. बाराही थाळ्यांत असा चिरोटा नाही.”

यात खोटे काही नव्हते. दिसायला तेरावी थाळी सर्वांत देखणी होती. पदर एकमेकांपासून इतके अलग की वाटीभर हवा तळून ठेवल्यासारखे वाटावे.

“दिसतो छानच,” यमुनाताई म्हणाल्या. “पण रकाना चवीचा आहे, दिसण्याचा नव्हे.”

“तेच म्हणते मी. आणि कळकट हा शब्द चवीला लावत नाहीत. तो भांड्याला लावतात, कपड्याला लावतात, माणसाच्या हाताला लावतात.”

“यमकात बसला हो,” त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. “तुम्ही पुस्तकी माणसं फार कीस काढता.”

त्यांच्यासमोर उपस्थितीचा कागद पडला होता. तेरा क्रमांक, तेरा नावे, तेरा आडनावे. बारा आडनावे त्यांनी तुपाबरोबर चाखली होती. तेराव्यापाशी त्यांची जीभ का अडखळली, हे मला त्या कागदाने सांगितले. मला संताप आला, पण तो तापला नाही. मी अशा वेळी थंड पडते. एवढ्या थंडपणे मी आयुष्यात फार थोड्या वेळा कुणाचा द्वेष केला आहे. पुरावा मात्र नव्हता. मी त्या वेळी दारापाशी होते.

पुरावा सोनूबाईने आणला. सोनूबाई आमच्या प्रयोगशाळेची सेविका. परीक्षा संपली की उरलेले पदार्थ परीक्षकबाईंच्या डब्यात भरून द्यायचे, ही आमच्याकडची रीत. सोनूबाई यमुनाताईंचा चार थरांचा पितळी डबा घेऊन आली आणि एकेक थाळी रिकामी करू लागली. प्रत्येक थाळीतून चार चिरोटे निघत होते. एक माझ्या पोटात, एक यमुनाताईंच्या, बाकी चार. तेराव्या थाळीपाशी ती थांबली. झाकण काढून तिने माझ्याकडे पाहिले.

“बाई, ह्ये तेरा नंबरचं काय करू?”

थाळीत सहा चिरोटे होते. फुलासारखे उमललेले, साखर न विसकटलेली, सहाच्या सहा.

मला झालेला आनंद शुद्ध होता, हे कबूल करते. शत्रू हातात सापडल्याचा तो आनंद होता.

“यमुनाताई,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच एखाद्या न्यायाधीशासारखा वाटला, “थाळीत सहा आहेत.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. थाळीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, बराच वेळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक कुतूहल उमटले.

“हो,” त्या म्हणाल्या. “सहा आहेत. मी खाल्ला असता तर किती असते?”

“पाच अस—”



“पाच कसे, वझेबाई? तुम्ही एक खाल्लात, मी एक खाल्ला, तर चार. मी नाही खाल्ला, तर पाच. सहा कसे?”

सोनूबाईला या गणितातले काही कळत नव्हते. तिला फक्त थाळी हातावेगळी करायची होती. “न्हेमीवानी बाजूला ठिवू का?” तिने विचारले. “तेरा नंबरचं म्या कायम बाजूला ठिवते, बाई. आख्खंच असतंय. पोरगी जाताना घिऊन जाती.”

“कायम?” यमुनाताईंनी विचारले.

“दोन वरसं झाली की.”

मी आठवू लागले. वाचणाऱ्या माणसाला आठवण्याची सवय असते, आणि त्या दिवशी ती सवय मला फार महागात पडली. शंकरपाळ्यांच्या वेळी घंटा झाली होती. करंज्यांच्या वेळी माझी दाढ दुखत होती. साटोऱ्यांच्या वेळी बारा जणींचे खाऊन पोट भरले होते आणि तेरावी देखणी दिसतच होती. त्या दिवशी दोन वाजताही तेच झाले होते. मी झाकण उचलले, मान डोलावली, सत्तावीस लिहिले आणि झाकण ठेवले. प्रत्येक वेळेला कारण होते, आणि प्रत्येक कारण खरे होते. अडाणी बाईच्या किळसेला कारण लागत नाही. विदुषीच्या किळसेला तळटीपा असतात.

“माझं काय आहे,” यमुनाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. “माझ्या घशाखाली ते उतरत नाही. साठी उलटली माझी, आता नाही बदलायची मी. वाईट म्हणा, मागासलेली म्हणा. मला ठाऊक आहे मी काय करते ते. मी नऊ देऊन विटाळ पाळला, वझेबाई. तुम्ही सत्तावीस देऊन पाळलात. माझ्या नवाने ती नापास होईल, पण निदान तिला कळेल तरी की कुणीतरी नाक मुरडलं.”

“तुम्ही जे केलंत ते नीच आहे,” मी म्हणाले.

“असेल. तुम्ही केलंत त्याला काय म्हणतात, ते तुमच्या पुस्तकात बघून सांगा.”

सोनूबाई थाळी हातात धरून उभी होती. पंखा फिरत होता आणि बारा रिकाम्या थाळ्यांत सांडलेली साखर इकडून तिकडे सरकत होती. संपूर्ण खोलीला तूप, वेलदोडा आणि घाम यांचा एकच मिसळलेला वास येत होता.

“आता नियम काय म्हणतो?” यमुनाताईंनी विचारले. “दोघींनी एकत्र चाखायचं. मी काही खाणार नाही, हे झालंच आहे. तुम्ही खा. माझ्यासमोर खा. तुमची जीभ जो आकडा सांगेल तो मी लिहिते, वर सहीही करते. यापेक्षा जास्त काय देऊ?”

मी थाळीतून एक चिरोटा उचलला.

दातांखाली तो मोडला तो आवाज उत्तम होता. खरे तर बारांपैकी एकाही चिरोट्याचा असा आवाज झाला नव्हता. पदर एकामागून एक तुटत गेले, अगदी पाठ्यपुस्तकात लिहावे तसे. मग टाळूला काहीतरी चिकटले. तो मेणबत्तीसारखा थर होता आणि विरघळायला तयार नव्हता. जिभेने खरवडला तर तो जिभेवर आला. साखर विरली, वेलदोडा विरला, आणि त्यांच्या मागे दडलेली चव पुढे सरकली: ऑइलपेंटची, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीची, पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाची. नाकाच्या मुळाशी वास चढला. पोतही तळाशी फसला होता; मधला गाभा तुपाने जड होऊन गिच्च बसला होता आणि चघळावा तसा वाढत होता.

तो खवट होता. साधा, निर्विवाद, कुणाही माणसाने पहिल्या घासाला थुंकून टाकावा असा खवट.

यमुनाताई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. म्हणून मी तो चावला. म्हणून मी तो गिळला. चावता चावता मला भांडाराच्या कोपऱ्यातला डबा दिसत होता, वनस्पती तुपाचा, पंधरा किलोचा. तो पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी फोडलेला होता. फोडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका गटातल्या मुलीने मला विचारले होते, “बाई, त्या डब्याला वास येतो, आम्ही घरचं तूप आणलं तर चालेल का?” आणि मी पुस्तकातून डोके न काढता म्हणाले होते, “जरूर आणा.” मग बारा जणी घरचे तूप आणू लागल्या. डबा संपेना, म्हणून नवा फोडला गेला नाही. खिडकीपाशीच्या शेगडीला मात्र कुणी काही सांगितले नव्हते. वनस्पती तुपाने पदर नेहमीच अधिक खुलतात, हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवीत असे. तेच पदर पाहून मी गुण देत होते.

“काय म्हणते जीभ?” यमुनाताईंनी विचारले.

मी खरे बोलले असते तर नऊसुद्धा जास्त होते. न खाता दिलेला त्या बाईचा आकडा माझ्यापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ होता. या एका गोष्टीसाठी मी तिला आजतागायत क्षमा केलेली नाही.

“सत्तावीस,” मी म्हणाले.

हे मी चंद्रभागेसाठी म्हणाले असे सांगायला मला आवडेल. तिची नोकरी त्या क्षणी माझ्या मनात कुठेतरी मागच्या बाकावर बसली होती. मी म्हणाले ते यमुनाताईंना हरवण्यासाठी.

त्या हसल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत आलेले पाणी, घशाची हालचाल, ओठांच्या कडेला धरून ठेवलेली ओकारी, हे सगळे त्यांनी नीट वाचले आणि पेन उचलले. नऊ खोडून सत्तावीस लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याकडे पाहत, सावकाश लिहिले: ‘बाईंच्या जिभेला मान, चव फारच छान.’ मग सही केली. पाकीट बंद झाले, त्यावर लाख ओतली गेली.

“थाळी दे इकडे,” मी सोनूबाईला म्हणाले.

मागच्या व्हरांड्यात नळापाशी चंद्रभागा आपली कढई घासत होती. इतर मुली केव्हाच फाटकाशी गेल्या होत्या. ती उंच होती, सडपातळ, आणि बोलताना शब्द मोजून बोलायची. कॉलेजात आली तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन मग बाहेर काढायची. मला पाहून ती उठली. राखेचे हात तिने मागे धरले.

“झालं का, बाई?”

“झालं. सत्तावीस. दोघींचे.”

तिने मान हलवली. तिला आनंद झालेला दिसला नाही. तिची नजर माझ्या हातातल्या थाळीवर होती. ती मोजत होती.

“पाच आहेत,” ती म्हणाली. “खाल्लात, बाई?”

“खाल्ला.”

“आज खाल्लात?”

“हो.”

“कसा लागला?”

माझ्या टाळूवरून तो थर अजून गेला नव्हता. मी शिक्षिका होते, विद्यावाचस्पती होते, चाळीस मिनिटे बोलू शकत होते. मला एकच शब्द सुचला.

“खवट.”

“खवट म्हणजे?”

“तूप जुनं झालं की त्याला येते ती चव. तो वास. डबा खराब झालाय. तुझा दोष नाही. माझा आहे.”

“म्हणजे वाईट.”

“फार वाईट.”

मला वाटले ती रडेल, आणि मी सांत्वनाची वाक्ये जुळवू लागले. पण तिचा चेहरा उलटाच होत होता. कुणीतरी फार दिवस धरून ठेवलेले ओझे खाली ठेवावे तसे तिचे खांदे खाली आले.

“मला पहिल्या वर्षापासून वाईट लागायचं,” ती म्हणाली. “करंज्या नेल्या तेव्हा आईनं एक घास खाल्ला आणि बाहेर जाऊन चूळ भरली. म्हणाली, कसं गं हे, भिंतीच्या रंगागत. बाबा म्हणाले, तोंड वाकडं करू नका, शिकलेल्यांचं खाणं आहे, आपल्या जिभेला ठाऊक नाही. दर वेळी सहाच्या सहा परत यायचे. मला वाटायचं, बाईंना बघूनच कळतं. मार्क तर मिळायचे ना. सव्वीस, सत्तावीस. म्हटलं, म्हणजे हे असंच लागत असणार तुमच्यात.” ती थांबली. “मी दर वेळी घरी एक पुरता संपवायची, बाई. पाणी न पिता. सवय व्हावी म्हणून. उद्या मुलींना शिकवायचं तर आपल्याला आवडायला नको?”

तिने मागे धरलेले राखेचे हात पुढे घेतले.

“म्हणजे माझी जीभ बरोबर होती,” ती म्हणाली.

“हो.”

“मग सत्तावीस कशाचे?”

नळ ठिबकत होता. तिने तो प्रश्न मोठ्याने विचारला नव्हता, रागानेही नव्हता. एखादी न समजलेली पायरी वर्गात विचारावी तसा विचारला होता.

तिने थाळी माझ्या हातातून घेतली. पाचही चिरोटे खरकट्याच्या बादलीत ओतले आणि थाळी नळाखाली धरली.

“नोकरी मी घेणार,” पाठमोरी असतानाच ती म्हणाली. “ते पाकीट उघडू नका. दोन वर्षं घातलीत मी.”

“नाही उघडणार.”

“पण मला त्यातला एक हवा.”

“कशातला?”

“त्या बारा जणींचा कुणाचाही. खरा कसा लागतो ते मला माहीतच नाही. जूनपासून शिकवायचाय.”

मी प्रयोगशाळेत परत गेले. यमुनाताई टांग्याची वाट पाहत पितळी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“डबा उघडा,” मी म्हणाले. “एक चिरोटा परत हवाय.”

“कशाला हो? आत्ता तर खाऊन आलात.”

“परीक्षकाला चाखायचा आहे.”

“कुठल्या परीक्षकाला?”

त्यांनी व्हरांड्याच्या दाराकडे पाहिले, आणि त्यांना समजले. त्या बाईला सगळे लवकर समजत असे, हीच तिच्यातली सर्वांत किळसवाणी गोष्ट होती. त्यांनी कडी काढली, वरचा थर उघडला आणि मान दुसरीकडे वळवली.

“बारा नंबरचे आहेत वरचे,” त्या म्हणाल्या. “घ्या तुमच्या हातानं.”

व्हरांड्यात चंद्रभागेने हात धुतले, पदराला पुसले. चिरोटा हातात घेऊन तिने आधी तो उजेडात धरला. मग वास घेतला, डोळे उघडे ठेवून. मग कानाजवळ नेऊन कड मोडली आणि आवाज ऐकला. हे सारे मी फळ्यावर शिकवले होते: आधी डोळा, मग नाक, मग कान, शेवटी जीभ. तिने लहान घास घेतला. चावताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. बराच वेळ चावला, गिळला, जीभ टाळूवरून फिरवली, थर राहिला आहे का पाहिले. राहिला नव्हता. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि संपूर्ण संपवला. पाणी मात्र या वेळी ती प्यायली, ओंजळीने, नळाखाली वाकून.

“पदर सुटलेत,” ती सरळ उभी राहत म्हणाली. “पण माझ्याएवढे नाहीत. तूप चांगलं आहे. मागून गोड वास येतो, तो तुपाचाच ना? साखर जास्त झालीय. मध्ये जरा कच्चा राहिलाय.”

“यमुनाताईंनी पंचवीस दिलेत त्याला. मी चोवीस.”

“तेवढे नाहीत.”

“तू किती देशील?”

तिने तोंडातली चव एकदा जुळवून पाहिली.

“एकवीस,” ती म्हणाली. “खाऊन देतेय, बाई.”